इसहाकाच्या विहिरी आणि आमची बोअर

गेल्या उन्हाळ्यात रविवारच्या शाळेत उत्पत्तीचा सव्विसावा अध्याय शिकवण्याची पाळी माझ्यावर आली. पाठ सर्वांच्या ओळखीचा आहे. अब्राहामाने खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजवल्या होत्या, त्या इसहाकाने पुन्हा उकरल्या. गरारच्या खोऱ्यात त्याच्या चाकरांना झरा लागला, तेव्हा तिथले गुराखी भांडायला आले. म्हणून त्या विहिरीचे नाव पडले एसेक, म्हणजे कलह. दुसरी खणली, तिच्यावरूनही तेच झाले. तिचे नाव सितना, म्हणजे वैर. मग तो तिथून निघाला आणि तिसरी खणली. तिच्यावरून कोणी भांडले नाही. ती रहोबोथ, म्हणजे ऐसपैस जागा.

या पाठाचा बोध आम्ही शिक्षक वर्षानुवर्षे एकच सांगत आलो आहोत: भांडू नका, सोडून द्या, देव दुसरीकडे देईल. मीही तेच सांगत होतो. तेवढ्यात सातवीतल्या एका मुलाने हात वर केला. “गुरुजी, इसहाकाजवळ बोअरची गाडी असती तर त्यानं जागा कशाला सोडली असती? तिथंच अजून खाली गेला असता.”

वर्ग हसला. मीही हसलो. पण घरी जेवायला बसलो तेव्हा घास गिळेना, कारण खाली गेलेला माणूस मीच होतो.

आमचा संत्र्याचा छोटा बगीचा पांढुर्ण्याच्या बाजूला आहे. पाण्याला विहीर होती, वडिलांच्या हातची. चार वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये तिने तळ दाखवला आणि झाडांवर आंबिया बहाराची फळे लिंबाएवढी झालेली. पाच-सहा पाळ्या पाणी मिळाले नाही तर सगळी गळ होणार हे उघड होते. मी बोअर मारली. पहिली कोरडी गेली. दुसरीला सहाशे फुटांच्या खाली पाणी लागले. त्या दिवशी आम्ही घरी प्रार्थना केली, उपकारस्तुती केली, आणि ती मनापासून केली.

पुढच्या वर्षी धुऱ्यापलीकडच्या शेजाऱ्याची विहीर मार्चअखेरच आटली. चाळीस फुटांची जुनी बांधीव विहीर. तिच्यावर त्याचा तीन एकर गहू आणि थोडा भाजीपाला होत असे. तो म्हातारा माणूस भांडायला आला नाही. संध्याकाळी धुऱ्यावर उभा राहून एवढेच म्हणाला, “पाणी नाही राहिलं जी विहिरीत.” मी म्हणालो, “यंदा पाऊसच कमी झाला, काका.” पाऊस कमी झाला होता हे खरे होते. पण माझे उत्तर खरे नव्हते.

ज्यांना शेतीची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. आमच्या पांढुर्ण्याच्या भागात काळा पाषाण आहे. सौसरकडे दुसरा, त्याहून फार जुना खडक आहे. दोन्ही कठीणच. अशा खडकात पाणी वाळूतल्यासारखे सगळीकडे भरून राहत नाही. वरच्या मुरमाड थरात आणि खालच्या भेगांत ते असते. उथळ विहीर वरच्या थरावर जगते. खोल बोअरने खालच्या भेगा रिकाम्या केल्या की वरचे पाणी त्या भेगांकडे ओढले जाते. जमिनीवर धुरा आहे, कागदावर सातबारा नाही तर खसरा आहे. भेगांना यातले काही कळत नाही.

आणि संत्र्याचे दोन बहार. मृग बहाराला मे महिन्यातला ताण आणि जूनचा पाऊस लागतो. तो पावसाच्या लहरीवर, कधी फुलतो कधी फसतो. आंबिया बहार जास्त भरवशाचा. डिसेंबरात झाडाला ताण द्यायचा, जानेवारीत पाणी देऊन ताण तोडायचा, फूल येते. पण मग पावसाळा लागेपर्यंत, म्हणजे ऐन उन्हाळाभर, पाणी देत राहावे लागते. आमची बाजारपेठ संत्र्यावर उभी आहे, आणि संत्र्याचा भरवसा उन्हाळ्यातल्या जमिनीखालच्या पाण्यावर. २०२३ साली पांढुर्णा आणि सौसर मिळून छिंदवाड्यापासून वेगळा जिल्हा झाला, तेव्हा फटाके आम्हीही उडवले. पण जिल्ह्याची सीमा काय आणि राज्याची काय, पलीकडे वरूड, काटोल, नरखेडलाही संत्र्याची हीच कथा आहे.

त्या मुलाच्या प्रश्नानंतर मी सहज, कोणाला न दुखावता, एकेकाला विचारत गेलो. बोअरच्या गाडीचा दलाल म्हणाला, मी फुटामागे पैसे घेतो, किती खाली जायचे ते मालक सांगतो. मोटार-पाइप विकणारा म्हणाला, मी नाही दिली तर नागपूरहून आणतील. रोपवाटिकावाला म्हणाला, लोकांना कलमे हवीत. झाडावरचा बहार विकत घेणारा व्यापारी म्हणाला, ज्याच्याकडे खात्रीचे पाणी त्यालाच मी इसार देतो, माझाही पैसा अडकतो. कर्ज देणाराही पाण्याचे साधन पाहूनच कर्ज देतो. यात एकही वाईट माणूस मला भेटला नाही. त्यांतले दोघे तर आपल्याच मंडळीचे, दशमांश देणारे. प्रत्येकाने आपापले सांगितले आणि प्रत्येकाचे खरेच होते. पण पिलातानेही हात पाण्यानेच धुतले होते, आणि इथे सगळ्यांनी हात धुतल्यावर म्हाताऱ्याच्या विहिरीला पाणी उरले नव्हते.

आता धंद्याच्या सामाजिक जबाबदारीविषयी पुष्कळ बोलले जाते. त्यासाठी कायदाही आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याचे १३५ वे कलम एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपयांच्या वर, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे निदान २ टक्के समाजकार्यावर खर्च करायचे, आणि कारखाना असेल त्या भागाला आधी पाहायचे. सौसर तालुक्यातल्या बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात मोठे कारखाने आहेत. रेमंडची कापडगिरणी तिथे १९९१ पासून आहे. कायदा अशा मोठ्यांसाठी. आमच्या गल्लीतला आडत्या, जिनवाला, क्रेट विकणारा, ट्रकवाला यांपैकी कोणी त्यात बसत नाही, आणि मी तर नाहीच. तेव्हा आम्ही सुटलो, असे वाटते.

कायदा चांगला आहे. त्यातून शाळांच्या खोल्या झाल्या, दवाखाने झाले. पण तो नफा हाती आल्यावर त्यातल्या दोन टक्क्यांविषयी विचारतो. उरलेले अठ्ठ्याण्णव कसे आले हे विचारणे त्या कलमाचे काम नाही. पवित्र शास्त्र मात्र तेच विचारते. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात जक्कय दोन गोष्टी बोलतो. अर्धे धन गरिबांना देतो, ही एक. आणि कोणाला फसवून काही घेतले असेल तर चौपट परत करतो, ही दुसरी. आम्ही उपदेशात पहिलीवर रमतो, कारण दान दिसते. आमच्या उपासनामंदिरात पंख्याच्या पात्यांवरसुद्धा दात्यांची नावे आहेत. उन्हाळ्यात ती फिरू लागली की निदान वाचता तरी येत नाहीत. पण “अमक्याचे इतके परत केले” अशी पाटी मी कुठल्याही मंडळीत पाहिलेली नाही.

नागपूरला जमशेटजी टाटांनी १८७७ साली एम्प्रेस मिल काढली. तिथे १८८६ साली पेन्शन फंड सुरू झाला आणि १८९५ पासून अपघातात सापडलेल्या कामगाराला भरपाई मिळू लागली. तशी भरपाई देण्याचा कायदा देशात १९२३ साली आला. गिरणी २००२ मध्ये बंद पडली, आता तिथे भोंगा वाजत नाही. पण ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण ती नफ्यातून काढलेल्या दानाची नाही. माणसाचा हात यंत्रात गेला तर त्याचा खर्च हा गिरणीचाच खर्च, असा तो हिशेब होता. मोशेच्या नियमशास्त्रात हाच हिशेब आहे. निर्गमच्या एकविसाव्या अध्यायात म्हटले आहे की कोणी खड्डा उघडा ठेवला आणि त्यात दुसऱ्याचा बैल किंवा गाढव पडले, तर खड्ड्याच्या मालकाने भरून द्यावे. मुद्दाम पाडले का, असे तिथे विचारलेलेच नाही. (सोडून दिलेल्या बोअरची तोंडे बंद करावीत म्हणून सर्वोच्च न्यायालयाला २०१० साली निर्देश द्यावे लागले. आमची पहिली कोरडी बोअर दोन वर्षे एका पोत्याखाली उघडीच होती, हेही इथेच कबूल करतो.)

इथपर्यंत विचार करून मी ठरवले की आपली बोअर बंद करावी. आणि इथेच मला खरा प्रश्न भेटला.

मी बोअर बंद केली तर माझी झाडे वाळतील. पाणी मात्र म्हाताऱ्याच्या विहिरीत परत येईलच असे नाही, कारण आमच्या शिवारात बोअर मी एकट्याने मारलेली नाही. माझ्या वाट्याचे पाणी तिसराच उपसेल, आणि त्याला ते कळणारही नाही. माझा त्याग फुकट जाईल. संत्र्यावर कोळशी येते तेव्हाही असेच असते. काळी माशी या बगीच्यातून त्या बगीच्यात जाते. एकट्याने फवारणी केली तर पंधरा दिवसांत शेजारची माशी पुन्हा येते. सगळ्यांनी एका वेळी फवारले तरच उपयोग. काही पापेही अशीच आहेत का, की एकट्याने पश्चात्ताप करून ती सुटत नाहीत?

मंडळीतल्या एका वडील माणसापुढे मी हे मांडले. ते म्हणाले, “मग तुम्ही काय म्हणणार? बाकीचे सोडतील तर मी सोडीन? ही कसली नीती? प्रभूने अशी अट घातली नाही. तुमचे काम तुम्ही करा, फळ देवावर सोपवा.” त्यांचे बोलणे मला चटकन टाकता आले नाही. व्यवसायात असलेली बहुतेक माणसे “सगळे करतील तेव्हा आम्हीही करू” याच वाक्यामागे लपतात, आणि मीही लपलोच असतो.

पण पुढे एक हकीकत वाचनात आली. एलिनॉर ऑस्ट्रॉम नावाच्या अमेरिकन विदुषींना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यांचा १९६५ चा पीएच.डी.चा प्रबंध जमिनीखालच्या पाण्यावरच होता. लॉस एंजेलिसजवळ वेस्ट बेसिन नावाच्या भागात शहरे, पाणीपुरवठा कंपन्या, तेलशुद्धीकरणाचे कारखाने असे सगळे एकाच साठ्यातून उपसत होते, इतके की समुद्राचे खारे पाणी आत शिरू लागले. प्रत्येकाला धोका कळत होता आणि प्रत्येकजण उपसतच होता. कोर्टात दावा चालू असतानाच त्यांनी आपसात करार केला: प्रत्येकाने उपसा कमी करायचा, पण बहुतेक मोठ्या उपसणाऱ्यांच्या सह्या झाल्या तरच करार लागू होईल, नाहीतर कोणावरच बंधन नाही. म्हणजे सही करणाऱ्याला एकट्याने मूर्ख ठरण्याची भीती उरली नाही. सह्या झाल्या आणि उपसा कमी झाला.

हा करार अटीचाच होता. तरी त्याला मी पळवाट म्हणणार नाही. जो म्हणतो “सगळे करतील तेव्हा पाहू” तो आज काही देत नाही. जो सही करतो तो आज आपला शब्द देतो, आणि शेजाऱ्यालाही शब्द देणे सोपे करतो. वडिलांचे म्हणणे पूर्ण खरे नाही, असे मला आता वाटते. अर्धे मात्र खरे आहे, आणि ते अर्धे माझ्यावर उलटते. माझ्याकडे दोन कर्जे आहेत. म्हाताऱ्याच्या विहिरीचे कर्ज माझे एकट्याचे आहे. ते फेडायला कोणाच्या सहीची वाट पाहण्याचे कारण नाही. शिवाराच्या पाण्याचे कर्ज सगळ्यांचे आहे, आणि ते मी एकटा फेडू शकत नाही. आम्ही धंदेवाले दोन्हींची सरमिसळ करतो. एकट्याचे कर्ज सगळ्यांवर ढकलतो, आणि सगळ्यांच्या कर्जापोटी एकेकटे देणगी देऊन पावती घेतो.

पुन्हा तो अध्याय उघडला तेव्हा लक्षात आले की आम्ही रहोबोथला थांबतो, पण अध्याय तिथे थांबत नाही. ज्याने इसहाकाला देशातून निघून जा म्हटले होते तो गरारचा राजा अबीमलेखच पुढे त्याच्याकडे येतो. इसहाक विचारतो, माझा द्वेष करता आणि माझ्याकडे कशाला आलात? तो काही गोड बोलत नाही. तरी ते एकत्र जेवतात, सकाळी उठून एकमेकांशी शपथ वाहतात. आणि त्याच दिवशी इसहाकाचे चाकर येऊन सांगतात की आम्ही खणत होतो त्या विहिरीला पाणी लागले. बैर-शेबाचे नाव तिथले. वर्गात मी हा भाग कधी शिकवलाच नव्हता.

आपल्या लोकांत असे एकत्र येणे होतच नाही असे नाही. २०१६ साली लातुराला एप्रिल महिन्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले; पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. त्याच उन्हाळ्यात तिथल्या व्यापाऱ्यांनी, डॉक्टरांनी, सामान्य नागरिकांनी वर्गणी काढून मांजरा नदीच्या पात्रातला गाळ उपसला. त्याच वर्षी पानी फाउंडेशनची जलसंधारणाची पहिली स्पर्धा तीन तालुक्यांत झाली, त्यांतला एक आमच्या शेजारचा वरूड. गावेच्या गावे कुदळ-फावडे घेऊन बाहेर पडली. हे सगळे उत्तमच. पण एक फरक मी पाहतो. पाणी जिरवायला माणसे लवकर जमतात, कारण त्यात कोणाचा वाटा कमी होत नाही. पाणी कमी उपसायला जमत नाहीत. अहिल्यानगरच्या हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घेण्यावर स्वतःच बंदी घातली, उसासारख्या पिकाला नाही म्हटले, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला. ते अवघड होते. लातूरकर नदी कोरडी झाल्यावर आणि पाण्याची गाडी आल्यावर जमले. रेल्वेगाडी पांढुर्ण्याच्या स्टेशनावरही थांबते, पण तिच्या भरवशावर राहावे असे मला वाटत नाही.

म्हणून आम्ही काही जणांनी बोलणे सुरू केले आहे. मोठे काही नाही. शिवारातले बागायतदार, बहार घेणारे दोन व्यापारी, एक रोपवाटिकावाला. आपापली निम्मी झाडे मृग बहारावर न्यायची, सगळीकडे ठिबक करायचे, शेजाऱ्यांना विचारल्याशिवाय नवी बोअर नाही. व्यापाऱ्यांनी मृगाच्या बगीच्यालाही इसार द्यायचा आणि क्रेटमागे रुपया बाजूला काढायचा, त्यातून कोरड्या बोअरमध्ये पावसाचे पाणी गाळून सोडायचे. शिवारातल्या दहांपैकी आठांनी सही केली तर लागू. आज सह्या पाच आहेत. एका व्यापाऱ्याने तोंडावर सांगितले की मृग फसला तर माझे पैसे कोण देईल? त्याला देण्यासारखे उत्तर आमच्याकडे नाही. बोअरच्या दलालाला बोलावले होते, तो आला नाही. पुढची बैठक पोळ्यानंतर ठेवली आहे, कारण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार असते आणि त्या आठवड्यात कोणाचे लक्ष दुसरीकडे नसते. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव. दगड चालतात, डोकी फुटतात, शासनाला औषधोपचाराची सोय करावी लागते. त्यावर टीका करायला मी बसलेलो नाही. दोन्ही काठांच्या खाली भेगा त्याच आहेत, एवढे मात्र दरवर्षी मनात येते.

आपल्या मंडळीचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. उपासनामंदिराच्या आवारात मिशनच्या काळची विहीर होती. ती कचरा आणि बांधकामाची माती टाकून आम्हीच बुजवली, वर लग्नाच्या मांडवासाठी जागा केली. विहिरी मातीने बुजवणारे कोण होते हे मुलांनी त्या रविवारी बरोबर सांगितले, आणि मग ती खिडकीतून बाहेर पाहू लागली. पंचकमिटीत हा विषय मी मांडला आहे. गाळ काढायला किती खर्च येईल ते विचारून या, असे मला सांगण्यात आले आहे.

शेजाऱ्याकडे मी गेलो, तो बैठकीच्या आधी. धुऱ्यावर नाही, त्याच्या घरी. माझ्या बोअरने तुमची विहीर गेली, पाऊस कमी झाला हे मी खोटे बोललो, असे सांगितले. दोन वर्षांच्या गव्हाचे काय ते सांगा, मी देतो म्हणालो. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “पैसे राहू द्या जी. पाणी द्या.” आता धुऱ्याखालून पाइप टाकला आहे आणि आठवड्यातले दोन दिवस बोअर त्याच्या शेतावर चालते. लाइट रात्रीची असली की तो कंदील घेऊन येतो, कारण विजेवर त्याचा भरवसा नाही. बिलाचा अर्धा वाटा मी देणार असे त्याचे म्हणणे आहे, आणि मी नको म्हणतो. ते अजून मिटलेले नाही.